ऑस्ट्रेलियाचे मूलनिवासी: मिशनचा दोष किती, सरकारचा किती?

सदाफुली

ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल लोकांचा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरं येतात. मिशनऱ्यांनी मुलं पळवली आणि धर्म मोडला, हे एक. मिशन नसती तर ही माणसं उरलीच नसती, हे दुसरं. दोन्हींना पुरावे आहेत, म्हणून वाद मिटत नाही. कोणाच्या मनात काय होतं यावर कितीही भांडता येईल. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी तपासाव्यात असं माझं मत आहे: जमीन कोणाच्या नावावर होती, मजुरी कोणाच्या खात्यात जात होती आणि मुलांचा कायदेशीर पालक कोण होता.

कायद्यांचा क्रम आधी देते. व्हिक्टोरिया १८६९, क्वीन्सलँड १८९७, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया १९०५, न्यू साउथ वेल्स १९०९, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी १९११. नावात बहुतेक ठिकाणी 'संरक्षण'. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्याने मुख्य संरक्षक (या लोकांवर नेमलेला सरकारी अधिकारी) हा १६ वर्षांखालच्या प्रत्येक ॲबोरिजिनल आणि मिश्ररक्ताच्या मुलाचा पालक झाला. आईवडील जिवंत असले तरीही! १९३६ मध्ये हे वय २१ वर नेलं. म्हणजे मिशनच्या वसतिगृहात मूल असो वा सरकारी वस्तीत, कागदावर ते सरकारचंच.

माझा कल त्यामुळे सरकारकडे जास्त दोष जातो असा आहे. खोडून काढा.

तळटीप

खोडून काढतो. १८६९ च्या आधीची पन्नास वर्षं गाळलीत.

सिडनीजवळच्या पॅरामॅटाची नेटिव्ह इन्स्टिट्यूशन, म्हणजे ॲबोरिजिनल मुलांची निवासी शाळा, जानेवारी १८१५ ला उघडली. कल्पना विल्यम शेली या मिशनऱ्याची, हुकूम आणि पैसा गव्हर्नर लॅकलन मॅक्वेरीचा. नियम असा की एकदा दाखल झालेला मुलगा १६ वर्षांचा आणि मुलगी १४ वर्षांची होईपर्यंत परत न्यायची नाही. त्यासाठी कोणता कायदा नव्हता, गव्हर्नरचा आदेश पुरला. पुढच्या दीडशे वर्षांत जे झालं त्याचा सगळा साचा इथे तयार दिसतो: मूल घ्या, आईबाप लांब ठेवा, मुलीला घरकाम आणि मुलाला शेती शिकवा. आणि हा साचा मिशनऱ्याच्या डोक्यातून निघाला होता.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १८१६ मध्ये, याच मॅक्वेरीने सैन्य पाठवलं. ॲपिनजवळ १७ एप्रिलच्या पहाटे किमान १४ ॲबोरिजिनल मेले. गोळीबारात मारलेल्यांची प्रेतं झाडांना टांगा, असा त्याचा लेखी हुकूम होता. शाळा आणि फौज एकाच सहीने चालत होत्या.

अवांतर: हा मॅक्वेरी आधी मुंबईत होता. १७८८ मध्ये ७७ व्या पलटणीबरोबर आला, १७९३ मध्ये मुंबईतच जेन जार्विसशी लग्न केलं. कोचीनला विकत घेतलेल्या दोन गुलाम मुलांपैकी जॉर्ज पुढे त्याचा नोकर म्हणून सिडनीपर्यंत गेला.

रोखठोक

तळटीपशी सहमत. सरकारला जमीन हवी होती, हे निदान उघड होतं. मिशनऱ्याला माणूसच हवा होता, आतून बाहेरून. विधी बंद, ठरलेली लग्नं बंद, भाषा बंद, मुलं रात्री कुलपात. सदाफुलीताई, तुमच्या तीन कसोट्यांत हे कुठे बसतं? जमीन-मजुरी-पालकत्व यांत ज्याची नोंदच होत नाही असं नुकसान मिशनने केलं.

सदाफुली

मुद्दा मान्य, चौथी कसोटी घाला. पण मग उलट बाजूच्या नोंदीही घ्याव्या लागतील. हत्याकांडांची तक्रार कोणी लिहून ठेवली ते पाहा.

लॅन्सलॉट थ्रेल्केल्ड, लेक मॅक्वेरी. लंडन मिशनरी सोसायटीचा माणूस. खर्चावरून सोसायटीशी बिनसलं, पुढे सरकारकडून वर्षाला १५० पौंड घेऊन तो राहिला. बिराबान या स्थानिक माणसाच्या मदतीने त्याने तिथल्या भाषेचं व्याकरण १८३४ मध्ये छापलं. न्यायालयात दुभाषा म्हणून उभा राहिला, आणि आतल्या भागात काय कापाकापी चालली आहे हे वार्षिक अहवालांत सरकारला कळवत राहिला. १८४१ ला मिशन बंद झालं, कारण ज्यांच्यासाठी ते काढलं ती माणसंच जवळजवळ उरली नव्हती.

फॉरेस्ट रिव्हर, किम्बर्ली, १९२६. फ्रेडरिक हे (Hay) या नावाचा पशुपालक भाल्याने मारला गेला, त्यावर पोलीस तुकडी निघाली. माणसं मारून जाळल्याची तक्रार अर्नेस्ट ग्रिबल या अँग्लिकन मिशनऱ्याने केली. १९२७ च्या शाही आयोगाने ११ जण मारले गेल्याचं म्हटलं. दोन हवालदारांवर खटला भरला, तो प्राथमिक सुनावणीतच पडला. ग्रिबलला पुढच्या वर्षी मिशन सोडावं लागलं. पोलिसांनी किंवा पशुपालकांनी आपणहून अशी तक्रार केल्याचं फारसं आढळत नाही.

कलम_आणि_पोटकलम

थ्रेल्केल्डच्या दुभाषेपणाला कायद्याची एक अडचण होती, ती सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. ख्रिस्ती नसलेल्या ॲबोरिजिनल माणसाची साक्ष चालत नसे, कारण शपथ घ्यायला देव आणि परलोकाची शिक्षा यांवर विश्वास लागतो असं कायदा म्हणे.

मायल क्रीक घ्या. १० जून १८३८, सुमारे २८ ॲबोरिजिनल मारले, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. पहिल्या खटल्यात ११ आरोपी, सगळे सुटले. सरकारी वकील जॉन प्लंकेटने त्यातल्या सातांवर वेगळ्या बळीच्या खुनाचा आरोप ठेवून लगेच दुसरा खटला उभा केला. तिथे दोष सिद्ध झाला आणि १८ डिसेंबरला सातही जण फासावर गेले. हे जमलं कारण जॉर्ज अँडरसन नावाचा गोरा कैदी-नोकर साक्षीला उभा राहिला. उरलेले चौघे सुटले, कारण त्यांच्याविरुद्धचा साक्षीदार ॲबोरिजिनल होता आणि शपथेला पात्र ठरला नाही.

म्हणजे मिशनचं धर्मशिक्षण हा न्यायालयाच्या दारात शिरायचा परवाना झाला होता. न्यू साउथ वेल्समध्ये ही अट १८७६ मध्ये गेली. तोवर साक्षीदारच नसलेले खून किती झाले याचा हिशेब मांडता येत नाही, आणि 'पुरावा दाखवा' म्हणणाऱ्या इतिहासकारांनी ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी.

रोखठोक

ग्रिबलचं कौतुक जपून करा हो. फॉरेस्ट रिव्हरला येण्याआधी हाच माणूस केर्न्सजवळच्या याराबाला होता. तिथे मुलामुलींची वेगळी वसतिगृहं, घंटेवर चालणारा दिवस, लग्न कोणी कोणाशी करायचं ते ग्रिबल ठरवणार. क्वीन्सलँड सरकार लांबून पकडून आणलेली मुलं त्याच्याकडे धाडत होतं आणि तो ती घेत होता. पोलिसांविरुद्ध आवाज उठवणारा आणि मुलं कोंडणारा माणूस एकच.

सदाफुली

हो, एकच. म्हणून तर माणसांची यादी करून उपयोग नाही म्हटलं.

मेलबर्नकर

व्हिक्टोरियातल्या कोरँडर्क वस्तीशिवाय ही चर्चा अपुरी. तुमच्या तिन्ही कसोट्या एकाच गावात लागतात.

१८६३ मध्ये कुलिन लोक सायमन वोंगा आणि विल्यम बराक यांच्याबरोबर डोंगर ओलांडून आजच्या हील्सव्हिलजवळ आले आणि जागा त्यांनी स्वतः निवडली. व्यवस्थापक जॉन ग्रीन, प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. त्याची पद्धत वेगळी होती: नियम रहिवाशांनी बसून ठरवायचे, शिक्षाही त्यांनीच द्यायच्या. १८७० च्या दशकात हॉप्सची (बिअरमध्ये घालतात ती फुलं) लागवड केली, तीही इतकी चांगली की १८८१ च्या मेलबर्न प्रदर्शनात बक्षीस मिळालं.

इथून बिघडत गेलं. हॉप्सचा पैसा सरकारी संरक्षण मंडळाच्या तिजोरीत, पिकवणाऱ्यांना मात्र नीट मजुरी नाही. चांगली जमीन पाहून शेजारच्या गोऱ्यांचे अर्ज सुरू झाले. मंडळाला लोक मरे नदीकडे हलवून जमीन मोकळी करायची होती. ग्रीनने विरोध केला, तर १८७४ मध्ये त्यालाच घालवलं. रहिवाशांनी अर्जविनंत्या केल्या, बराक आणि इतर मंडळी पायी मेलबर्नला मंत्र्यांकडे गेली (साठेक किलोमीटर). १८८१ ला चौकशी बसली आणि जमीन वाचली.

मग मंडळाने दुसरी वाट काढली. १८८६ चा कायदा: ३४ वर्षांखालच्या मिश्ररक्ताच्या माणसांना वस्तीत राहायला मनाई. शेत कसणारे आणि अर्ज लिहिणारे हातच बाहेर काढले, मागे म्हातारे आणि आजारी राहिले. कामाला माणसं नाहीत तर एवढी जमीन कशाला, म्हणून १८९३ मध्ये निम्मी काढून घेतली. १९२४ ला वस्ती बंद करून बहुतेकांना लेक टायर्सला हलवलं. बराक त्याआधीच, १९०३ मध्ये, तिथेच वारला.

आता गंमत बघा. ग्रीनही मिशन परंपरेतला आणि १८८६ च्या धोरणाला पाठिंबा देणारा मोरेव्हियन मिशनरी फ्रिडरिख हागेनाउअरही. एक हाकलला गेला, दुसरा मंडळाचा मोठा अधिकारी झाला. सरकारने कोणता मिशनरी ठेवून घेतला, हे पुरेसं बोलकं आहे.

भटक्या

वाचतोय. मुलं नेण्याची प्रत्यक्ष पद्धत काय होती? 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात तेव्हा पोलीस थेट घरात घुसून नेत, की काही कागद लागत?

कलम_आणि_पोटकलम

राज्यानुसार बदलतं. न्यू साउथ वेल्सचं सांगतो, तिथे पायऱ्या स्पष्ट दिसतात.

१९०९ च्या कायद्याखाली तिथल्या संरक्षण मंडळाला मूल न्यायचं तर दंडाधिकाऱ्यापुढे 'दुर्लक्षित' असल्याचं सिद्ध करावं लागे. आईबाप हजर राहून विरोध करत आणि काही प्रकरणं पडत. मंडळाला हे अडचणीचं वाटलं. म्हणून १९१५ ची दुरुस्ती: मुलाच्या 'नैतिक किंवा शारीरिक हितासाठी' मंडळाला योग्य वाटलं की पुरे, न्यायालय नाही. निर्णयाविरुद्ध जायचं तर आईबापांनी स्वतः न्यायालय गाठायचं, आणि ते राहत मंडळाच्याच वस्तीत, मंडळाच्याच शिध्यावर.

पुढचा क्रम: वस्तीचा व्यवस्थापक किंवा पोलीस नाव कळवणार, मंडळ मंजुरी देणार, मूल रेल्वेने रवाना. मुली कूटामंड्राच्या गृहात, मुलगे १९२४ पासून किंचेलाला, अगदी लहान असतील तर बोमाडेरीला. यातलं बोमाडेरी मिशनचं, बाकी दोन सरकारी. चौदा-पंधराव्या वर्षी मुलगी गोऱ्या घरात मोलकरीण. मजुरीतला थोडा हातखर्च तिच्याकडे, उरलेला मंडळाच्या खात्यात. ते पैसे मागायला अर्ज करावा लागे आणि अनेकींना ते कधीच मिळाले नाहीत.

१९४० पासून प्रकरणं पुन्हा बालन्यायालयात जाऊ लागली, पण तोवर 'दुर्लक्षित'ची व्याख्याच अशी होती की गरिबी आणि दुर्लक्ष यांत फरक राहत नव्हता. मंडळ बरखास्त झालं १९६९ मध्ये.

तळटीप

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मुख्य संरक्षक ए. ओ. नेव्हिल. १९१५ ते १९४० असा पाव शतकाचा कारभार. मूर रिव्हर ही सरकारी वस्ती १९१८ ची. १९२२ मध्ये त्याच्याच खात्याने पैसे वाचवायला कॅरोलपची वस्ती बंद केली आणि तिथली माणसं मूर रिव्हरला कोंबली. गर्दी, अपुरं अन्न, पळालेल्यांना कोठडी.

नेव्हिलला मिशन नकोच होत्या. मिश्ररक्ताच्या मुलींची लग्नं गोऱ्यांशी किंवा अधिक उजळ माणसांशी लावत काही पिढ्यांत वंशच विरघळवायचा, हे त्याचं गणित. १९३६ च्या कायद्यानंतर लग्नाला त्याची परवानगी लागे. एप्रिल १९३७ च्या कॅनबेरा परिषदेत सगळ्या संरक्षकांनी मिश्ररक्ताच्या लोकांचं भवितव्य गोऱ्या समाजात विरून जाण्यात आहे असा ठराव केला. पुढे ॲबोरिजिनल कधी होते हेही देश विसरेल का, असा सवाल नेव्हिलने तिथे टाकला होता, आणि तो त्याला हवाहवासा वाटत होता.

माउंट मार्गारेटच्या रॉड शेंक या मिशनऱ्याशी त्याचं वर्षानुवर्षं भांडण. शेंक पारंपरिक विधींचा कट्टर विरोधक, वसतिगृहवालाच. तरी आईबाप मुलं त्याच्याकडे ठेवत, कारण मूर रिव्हरला गेलेलं मूल शेकडो मैलांवर जाई आणि इथलं मूल निदान डोळ्यांसमोर राही. दोन वाईटांतली निवड होती ती. तिला 'संमती' म्हणू नये.

भटक्या

हे सगळं वाचून आपल्याकडचा गुन्हेगार जमाती कायदा आठवतो. १८७१ चा कायदा, हजेरी, तारेच्या कुंपणातली सोलापूरची सेटलमेंट. पारधी, कैकाडी मंडळींना १९५२ पर्यंत 'विमुक्त' व्हायची वाट पाहावी लागली. साम्राज्य एकच, डोकं एकच?

कलम_आणि_पोटकलम

साम्य आहे, पण सरसकट नको. १९११ च्या सुधारित गुन्हेगार जमाती कायद्यात मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारशाळेत ठेवायची तरतूद होती, आणि अनेक वस्त्या साल्व्हेशन आर्मीसारख्या संस्थांकडे सोपवल्या होत्या. सरकारचा हुकूम आणि मिशनचं व्यवस्थापन ही जोडी तीच. फरक असा की इथे ठपका गुन्ह्याचा होता आणि वंश विरघळवण्याची योजना नव्हती. तिथे गुन्ह्याचा बहाणाही लागला नाही, जन्म पुरला.

त्यावर स्वतंत्र धागा काढा, इथे मूळ विषय भरकटेल.

मेलबर्नकर

मजुरीची कसोटी क्वीन्सलँडमध्ये सगळ्यात नागडी दिसते. पद्धत अशी: मालकाने स्थानिक संरक्षकाकडून परवाना घ्यायचा. हा संरक्षक बहुतेक वेळा गावचा पोलीस. मजुरीचा छोटा भाग मालक मजुराला देणार (देणार म्हणजे पुष्कळदा दुकानातल्या मालाच्या रूपात, मनमानी भावाने), बाकी पोलिसाकडे. पासबुक ठाण्यात. स्वतःचे पैसे काढायला पोलिसाची परवानगी आणि अंगठा. ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याखाली कोणता आकडा लिहिला हे तपासणार कोण? खुद्द पोलिसांनी पैसे उचलल्याची प्रकरणं खात्याच्या स्वतःच्या कागदांत आहेत.

गुराख्याला नियमाने मिळायची ती मजुरीही गोऱ्याच्या दोन-तृतीयांश. साठलेली रक्कम सरकार स्वतःच्या कामांत गुंतवी. पाम आयलंडवर १९५७ मध्ये मजुरी आणि शिधा यांवरून संप झाला, तर सात म्होरक्यांना कुटुंबांसकट बेटावरून हद्दपार केलं. अडकवलेल्या मजुरीचा दावा २०१९ मध्ये १९ कोटी डॉलरवर मिटला.

मिशनांच्या आवारात हिशेब आणखी सोपा होता: काम करा, शिधा घ्या. पीठ, साखर, चहा. पगारच नाही, म्हणजे पासबुकही नाही आणि आज दावा लावायला कागदही नाही. सदाफुलीताईंच्या कसोटीवर इथे मिशनला जास्त गुण देता येणार नाहीत.

सदाफुली

पटलं. शिध्यावरून हरमन्सबर्ग आठवलं. १८७७ चं लुथरन मिशन, फिंक नदीकाठी, अरेंटे लोकांच्या मुलखात. गुरं आली की पाणवठे तुडवले जातात, कंद आणि गवताचं बी जातं, शिकार पांगते. मग माणसं शिध्याला येतात, आणि शिध्यात ताजं काही नसतं. १९२० च्या दशकाअखेरच्या दुष्काळात तिथे स्कर्व्ही पसरला, लहान मुलं भराभर मेली. कारण कळल्यावर संत्री मागवली. कायमचा उपाय म्हणजे कापोरिल्या झऱ्यापासून काही किलोमीटरची नळजोडणी, तिच्यासाठी पैसा मेलबर्नच्या टीग भगिनींनी चित्रांचं प्रदर्शन भरवून उभारला, १९३५ मध्ये पाणी आलं. भाजीपाला पिकला आणि स्कर्व्ही गेला. सरकारने ही नळजोडणी आपणहून केली नाही.

त्याच मिशनने १८९० च्या सुमारास विलशायर या पोलीस अधिकाऱ्याच्या खुनशीपणाबद्दल तक्रार केली होती. १८९१ ला त्याच्यावर खुनाचा खटला चालला, सुटला.

रोखठोक

आणि त्याच मिशनने मुलांना वसतिगृहात ठेवलं, विधींना बंदी घातली. दोन्ही लिहा.

भाषेबद्दल मात्र माझं आधीचं वाक्य सैल होतं असं कोणी म्हणण्याआधी सांगतो: जर्मन लुथरनांनी ॲडिलेडजवळची कौर्ना भाषा १८४० मध्ये नोंदवली नसती तर आज तिचं पुनरुज्जीवन कशावर झालं असतं? तरी टाइशलमान आणि शूरमान यांच्या शाळेला सरकारने टिकू दिलं नाही. गव्हर्नर ग्रेच्या काळात इंग्रजी शाळा आली आणि मुलं तिकडे गेली. हा गुन्हा सरकारच्या खात्यात टाका, माझी हरकत नाही.

भटक्या

आकड्यांचं काय? चोरलेल्या पिढ्यांवरच्या १९९७ च्या अहवालातला 'तीनात एक ते दहात एक' हा अंदाज फुगवलेला आहे असं वाचलं होतं.

तळटीप

तो 'अंदाज' आहे आणि अहवालातही पल्ला म्हणूनच दिलाय: १९१० ते १९७० या काळात, प्रदेश आणि वर्षं यांनुसार, तीनात एक ते दहात एक मूल नेलं गेलं. २००० मध्ये मंत्री जॉन हेरन यांच्या निवेदनात फार तर दहा टक्के, म्हणून 'पिढी' म्हणता येणार नाही असा युक्तिवाद झाला. दहा टक्के धरले तरी, आईबाप, भावंडं, मामा-मावश्या मिळून न झळ लागलेलं घर उरत नाही. टक्केवारीचा वाद तिथे थिटा पडतो.

न्यायालयांनी मात्र हात आखडले. क्रूगर खटल्यात, १९९७ मध्ये, उच्चतम न्यायालयाने नॉर्दर्न टेरिटरीचा १९१८ चा वटहुकूम वैध ठरवला. क्युबिलो खटला २००० मध्ये हरला. ब्रूस ट्रेव्हरो जिंकला, साउथ ऑस्ट्रेलियात, २००७ मध्ये. फरक कुठे पडला? त्याला रुग्णालयातून नेताना अधिकाऱ्यांनी त्या राज्याचाच कायदा मोडला होता आणि तसं करता येत नाही हे त्यांना सांगितलं गेल्याचे कागद सापडले. जिथे कायद्यानेच मूल नेलं तिथे दावा पडतो, जिथे कायदा मोडून नेलं तिथे टिकतो.

मेलबर्नकर

जमिनीची कसोटी राहिली. १९६३ चं एकच वर्ष, दोन मिशनं, दोन्हींखाली बॉक्साइट.

यिर्कला, आर्नहेम लँड. मेथडिस्ट मिशन. खाणीविरुद्ध योल्ङू लोकांनी झाडाच्या सालीवर रंगवलेले अर्ज संसदेला पाठवले. मिशनचे अधीक्षक एडगर वेल्स त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांच्याच चर्चने त्यांना तिथून हलवलं. १९७१ मध्ये न्या. ब्लॅकबर्न यांनी दावा फेटाळला, पण त्या पराभवातूनच १९७६ चा जमीन हक्क कायदा आला.

मपून, केप यॉर्क. प्रेस्बिटेरियन मिशन. चर्चने वस्ती बंद करायला होकार दिला होता. १५ नोव्हेंबर १९६३ च्या रात्री पोलीस आले, उरलेल्या कुटुंबांना बोटीत घालून नेलं आणि नंतर घरं, चर्चसुद्धा, जाळली. लोक १९७४ पासून परत येऊ लागले.

रोखठोक

वेल्सना हलवणारं चर्च आणि मपूनला मान डोलावणारं चर्च, दोन्ही पंथ वेगळे, वागणं एक. बॉक्साइट निघालं की मिशनरी एकटा पडतो.

सदाफुली

हेच तर कोरँडर्कला ग्रीनचं झालं, नव्वद वर्षं आधी, हॉप्सवरून. माझं मूळ वाक्य बदलते: पालकत्वाच्या कसोटीवर सरकार, बिनपगारी मजुरीवर मिशन, आणि जमिनीच्या कसोटीवर मुख्यालयात बसलेली चर्चं व सरकार मिळून. मुलांच्या वसतिगृहांची वाटणी अजून माझ्याच्याने होत नाही. तिथे राज्यवार बघावं लागेल. साउथ ऑस्ट्रेलियाची नीट माहिती कोणी देईल का? पूनिंडी, १८५० ते १८९४. ती जमीनही शेवटी गोऱ्या शेतकऱ्यांनाच गेली.